जुन्या कुत्र्यास शिकार शिकवितां येते काय ?

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कुत्र्यांच्या शिक्षणावर लेख यावा हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. सनदा, महजर, करीने आणि वंशावळी सोडून शिकारखान्याच्या दाराशीं जाऊन बसण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न ते करितील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, राजेरजवाड्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शिकारींत गेला, त्या शौकावर दौलतीचा पैसा पाण्यासारखा खर्च झाला, आणि त्या धंद्याचें ज्ञान ज्या पोथ्यांत उतरलें त्या पोथ्या मात्र आम्हीं 'करमणुकीच्या' म्हणून फडताळाच्या तळाशीं टाकल्या. वेदान्ताची दहावी नक्कल जपून ठेवावी आणि अश्ववैद्यकाचें एकुलतें पान वाळवीस द्यावें, असा प्रकार संग्राहकांच्या घरीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. या उपेक्षित ज्ञानांतील एकाच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. वयांत आलेला, किंबहुना उताराला लागलेला कुत्रा शिकारीस, आणि विशेषतः मारलेलें सावज उचलून धन्याच्या हातीं आणून देण्याच्या कामास, तयार करितां येतो कीं नाहीं ?

सर्वसाधारण समज असा कीं, येत नाहीं. पिल्लूपणीं जें शिकविलें तेंच खरें. पुढें सर्व व्यर्थ. हा समज निरुपद्रवी नाहीं. त्याच्यापायीं धडधाकट जनावरें 'आतां काय शिकणार' म्हणून साखळीस बांधून कुजविलीं जातात. आम्हांस असें दिसतें कीं, हा समज मूळ आधारांच्या चुकीच्या वाचनावर उभा आहे; आणि चुकीचें वाचन हा विषय तर निःसंशय आपल्या त्रैमासिकाचा आहे.

प्रथम म्हण घेऊं. म्हाताऱ्या कुत्र्यास नव्या युक्त्या शिकवितां येत नाहींत, या अर्थाची म्हण इंग्रजींत सर्वतोमुखीं आहे, आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर ती आपल्याकडेही रुळली. तिचा माग काढीत गेल्यास आपण फिट्झहर्बर्टच्या शेतकीवरील पुस्तकापाशीं येऊन पोंचतों. हें पुस्तक प्रथम १५२३ सालीं छापलें गेलें. त्यांत मेंढपाळानें आपल्या कुत्र्यास काय काय शिकवावें हें सांगतांना ग्रंथकार म्हणतो कीं, हें सर्व पिल्लूपणींच झालें पाहिजे, कारण जुन्या कुत्र्यास वांकविणें कठीण. येथें 'वांकणें' या अर्थाचा जो शब्द आहे त्याकडे लक्ष द्यावें. शिकारी कुत्र्यांच्या परिभाषेंत त्याचा अर्थ नाक जमिनीस लावून वास घेत चालणें असा आहे. कोणी मेंढरांच्या संदर्भामुळें 'दबून बसणें' असा अर्थ घेईल, तोही संभवतो. परंतु कोणताही अर्थ घेतला तरी तो शरीराच्या एका विशिष्ट ठेवणीपुरता आहे. सर्व विद्येचा येथें संबंधच नाहीं. १५४६ सालीं हेवुडनें इंग्रजी म्हणींचा जो पद्यसंग्रह प्रसिद्ध केला, त्यांतही शब्द 'वांकविणें' हाच राहिला. पुढें १६७० च्या जॉन रे याच्या संग्रहांत पाहावें, तों 'वांकणें' गेलें आणि त्याच्या जागीं 'युक्त्या' आल्या. हस्तलिखितें ताडून पाहणाऱ्यांस हा प्रकार नवा नाहीं. अवघड पारिभाषिक शब्दाचा अर्थ लोकांस उमगेनासा झाला म्हणजे त्याच्या जागीं सोपा आणि व्यापक शब्द येऊन बसतो, आणि मूळची मर्यादित विधानें सार्वत्रिक सिद्धान्त होऊन बसतात. एका मेंढपाळाच्या अनुभवाची गोष्ट अशा रीतीनें सर्व कुत्र्यांवर, आणि पुढें माणसांवरही, लादली गेली.

आमच्या मराठींत या बाबतींत अधिक शहाणपणा आहे असें आम्ही समजतों. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं' असें आपण म्हणतों. 'कुत्र्याचें शेपूट वांकडें तें वांकडेंच' असेंही म्हणतों. पहिल्या म्हणींत दोष खोडीला दिला आहे, दुसरींत स्वभावाला. वयाला दोष कोठेंही नाहीं. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां शिकारीवरील ग्रंथांकडे वळूं. झेनोफन या ग्रीक ग्रंथकारानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत सशाच्या शिकारीवर एक छोटें पुस्तक लिहिलें आहे. त्यांत कुत्रीस आठव्या महिन्यांत आणि कुत्र्यास दहाव्या महिन्यांत रानांत न्यावें असें सांगितलें आहे. त्याच्यानंतर सुमारें पांचशें वर्षांनीं आरियननें त्याच विषयावर पुरवणी लिहिली. आरियनचें नांव शिकंदराच्या स्वारीच्या निमित्तानें आपल्या वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु तो पट्टीचा शिकारी होता, आणि आपल्या होर्मे नांवाच्या कुत्रीचें त्यानें मोठ्या ममतेनें वर्णन केलें आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल. त्याच्या मतें कुत्रीस सुमारें अकराव्या महिन्यांत सशामागें सोडावें, आणि नराला तर दोन वर्षें पुरीं झाल्याशिवाय सोडूंच नये, कारण त्याचे अवयव उशिरां घट्ट होतात.

पुढील लोकांनीं असले आंकडे पाहून काय अनुमान काढलें ? तर शिक्षणास वयाची मुदत आहे, ती टळली कीं संपलें ! वस्तुतः दोघांचेंही सांगणें 'याच्या आधीं नको' असें आहे. 'याच्या नंतर नको' असें त्यांत कोठेंच नाहीं. कोवळ्या जनावरानें ऊर फुटेपर्यंत धांवूं नये ही चिंता त्यामागें आहे. खालची मर्यादा ती वरची मर्यादा समजली गेली. आरियनचा दोन वर्षांचा नर तर आपल्या हिशेबानें पुरता वयांत आलेला कुत्रा. त्याची खरी शिकार तेथून सुरू होते. झेनोफनच्या एका सूचनेकडेही लक्ष वेधावेंसें वाटतें. नवख्या कुत्र्यांस जाळीं उचलतेवेळीं तेथेंच खाऊं घालावें, म्हणजे रानांत चुकलेला कुत्रा अन्नाच्या ओढीनें परत येतो, असें तो सांगतो. माराच्या आधीं अन्नाचा विचार करणारा हा गृहस्थ पुढच्या कित्येक चाबूकबहाद्दरांपेक्षां पुढारलेला होता.

मध्ययुगांतील युरोपांत या विषयाचा मुकुटमणि म्हणजे फ्वाचा सरदार गास्तों फेबुस याचा शिकारग्रंथ. त्यानें तो १३८७ सालीं लिहावयास घेतला. त्याची एक सचित्र प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या त्या प्रतींत ८७ चित्रें असून, कुत्र्यांचे पंजे धुणारे आणि त्यांस औषध पाजणारे सेवक तींत जसे दिसतात तसे कोणत्याही बखरींत दिसत नाहींत. या ग्रंथाचें बरेंचसें इंग्रजी भाषांतर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड यानें केलें. तो १४१५ सालीं अझँकूरच्या लढाईंत पडला. पक्ष्यांवर चालणारी स्पॅनियल जात पाण्यांत पोहावयास शिकविली म्हणजे बुडी मारलेलीं पांखरें काढण्यास उपयोगी पडते, असें त्यांत सांगितलें आहे. त्याच जातीच्या भुंकण्याची आणि भांडखोरपणाची निंदाही आहे. १५७० सालीं जॉन केयस या वैद्यानें इंग्लंडांतील कुत्र्यांवर लॅटिनमध्यें निबंध लिहिला. त्यांत पाण्यांतील कुत्र्यास त्यानें 'शोधक' असेंही नांव दिलें आहे, कारण मारलेल्या बदकांबरोबर नेम चुकून पाण्यांत पडलेले बाणही तो शोधून आणी. उचलून आणण्याची विद्या बंदुकीच्या पुष्कळ आधींची आहे हें यावरून उघड होतें.

आपल्या देशाकडे पाहतां प्रथम मानसोल्लासाचें स्मरण होतें. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध केला. राजाच्या विनोदांत त्यानें गीत, वाद्य, कथा यांच्या पंक्तीस 'सारमेयविनोद' म्हणजे कुत्र्यांचा विनोद बसविला आहे, आणि श्येनविनोद व मृगयाविनोद स्वतंत्र सांगितले आहेत. विद्वान् राजास हा विषय हलका वाटला नाहीं, एवढें येथें पुरे.

परंतु आमच्या प्रश्नाचें खरें उत्तर कुत्र्यांच्या प्रकरणांत शोधण्यापेक्षां चित्त्यांच्या आणि ससाण्यांच्या प्रकरणांत शोधावें असें आम्हांस वाटतें. चित्ता पाळण्याची विद्या या देशांत शिखरास पोंचली होती. त्या धंद्यांतील चित्तेवानांचा एकमुखी अनुभव असा कीं, घरीं वाढविलेलें बच्चें शिकारीस निरुपयोगी. मोठा झालेला, आईजवळ शिकार शिकलेला रानटी चित्ताच धरावा आणि तोच माणसाळवावा. आईन-ई-अकबरींत अबुल फजल लिहितो कीं, पूर्वीं धरलेला चित्ता शिकारीस सोडण्याजोगा होण्यास दोन-तीन महिने लागत, तें काम अकबराच्या युक्तीनें अठरा दिवसांत होऊं लागलें. बादशहाच्या स्तुतीचा भाग वजा करावा. तरीही पूर्ण वाढ झालेलें रानटी श्वापद कांहीं आठवड्यांत किंवा फार तर कांहीं महिन्यांत माणसाच्या इशाऱ्यावर चाले, ही गोष्ट उरतेच. कोल्हापुरास ही विद्या विसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर १९१८ ते १९४५ च्या दरम्यान संस्थानिकांनीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले, आणि कोल्हापूरच्या चित्तेवानांनीं तेही हातीं धरले. १९५२ सालीं हिंदुस्थानांतून चित्ता नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. त्यानंतर सत्तर वर्षांनीं, २०२२ सालीं, मध्यप्रदेशांतील कुनो येथें आफ्रिकेंतील चित्ते सोडण्यांत आले. पण ते पाहण्यासाठीं, पाळण्यासाठीं नव्हेत.

ससाण्यांची गोष्ट अशीच. कूर्माचल म्हणजे कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचें श्यैनिकशास्त्र हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास छापविलें. बाज धरणाऱ्यांच्या बोलींत त्या वर्षाच्या पिल्लास 'चूज' आणि रानांत पिसें टाकून पुरत्या वाढलेल्या पक्ष्यास 'तरीनाक' म्हणत. तरीनाक माणसाळविणें कठीण खरें, पण शिकारीची अक्कल त्याच्या अंगीं आधींच मुरलेली. म्हणून जाणते लोक त्याचे नखरे सोशीत. ज्या शिकाऱ्याच्या मनगटावर वर्षानुवर्षें रानांत वाढलेला पक्षी बसला आहे, त्यानेंच शेजारच्या चार वर्षांच्या कुत्र्याकडे बोट दाखवून 'हा आतां शिकावयाचा नाहीं' असें म्हणावें, यांतील विसंगति कोणाच्या ध्यानांत आली नाहीं काय ?

कोणी म्हणेल, दोहोंत फरक आहे. आणि तो आहेच. रानटी चित्त्यास शिकार येते, माणूस ठाऊक नसतो. घरच्या प्रौढ कुत्र्यास माणूस ठाऊक असतो, शिकार येत नसते. परंतु या फरकानें आमचा पक्ष दुबळा होत नाहीं, उलट बळकट होतो. रानटी जनावरास माणसाचा विश्वास शिकविणें ही दोहोंतील अवघड बाजू, आणि ती प्रौढपणीं साधते असें चित्तेवानानें दाखवून दिलें आहे. कुत्र्याच्या बाबतींत ती बाजू जन्मतःच सुटलेली आहे. उरतें तें दोन प्रकारचें काम : जें येत नाहीं तें नवें जोडणें, आणि जें वाईट जडलें आहे तें मोडणें. नवें जोडण्यास वय फारसें आड येत नाहीं. मोडणें मात्र कठीण. आणि तीच आपली 'खोड'.

हें उचलून आणण्याच्या कामांत स्पष्ट दिसतें, म्हणून त्याचा थोडा विस्तार करितों. या कामांत कुत्र्यानें चार गोष्टी करावयाच्या असतात : बार होईपर्यंत स्थिर बसणें, पडलेलें पांखरूं नाकानें शोधणें, तें दांत न रुतवितां धरणें, आणि सरळ येऊन हातांत देणें. मार्खमनें १६२१ च्या आपल्या पक्षीशिकारीवरील पुस्तकांत पाण्यांतील कुत्र्याच्या शिक्षणाचा क्रम दिला आहे, तो पिल्लापासूनचा. त्यानंतर सव्वादोनशें वर्षांनीं, १८४८ सालीं, लेफ्टनंट-कर्नल हचिन्सन यानें जें पुस्तक काढलें त्यानें या विद्येची दिशा बदलली. बहुतेक धडे रानांत न नेतां घरींच द्यावेत, ओरडण्याऐवजीं हाताच्या खुणा वापराव्यात, कुत्रा लांब दोरीवर ठेवावा, आणि बरोबर वागल्याबरोबर खाऊचा तुकडा द्यावा, असा त्याचा प्रघात. काटेरी पट्ट्याचें वर्णन त्यानेंही केलें आहे. तेव्हां त्यास अगदींच संत ठरवूं नये. १८८२ सालीं अमेरिकेंत हॅमंडनें आपल्या पुस्तकाच्या नांवांतच वाद उभा केला : कुत्र्यास 'मोडावयाचें' कीं 'शिकवावयाचें' ? इंग्रजींत तोंवर या कामाला 'मोडणें' असाच शब्द होता. आपल्याकडेही घोडा तयार करणाऱ्यास चाबुकस्वार म्हणतात. शब्दच हातांतील हत्यार सांगतो.

हीच शब्दाची गोष्ट प्रौढ कुत्र्याच्या मुळाशीं आहे. घरांत वाढलेल्या चार-पांच वर्षांच्या कुत्र्यास वस्तु आणावयास सांगितली असतां तो ती तोंडांत धरून दूर पळतो, किंवा तोंडच लावीत नाहीं. शिकविणारा म्हणतो, वय झालें. खरें कारण शोधूं जातां आढळतें तें असें कीं, लहानपणीं वहाण किंवा चेंडू तोंडांत धरल्याबद्दल त्यानें मार खाल्लेला असतो, अथवा वस्तु हिसकावून घेण्यासाठीं घरचीं मुलें त्याच्या मागें धांवलेलीं असतात. एकांत भय जडलें, दुसऱ्यांत खेळ. दोन्ही खोडी माणसानेंच लाविलेल्या.

अशा कुत्र्यासाठीं जाणत्यांची रीत धीराची आहे. प्रथम बंद ओसरीवर, जेथें दुसरें लक्ष वेधणारें कांहीं नाहीं अशा जागीं, कापडाची मऊ वळकटी त्याच्यापुढें ठेवितात. तिला नुसतें नाक लाविलें तरी तुकडा, तोंडांत धरली तर मोठा तुकडा. धरून उभा राहिला म्हणजे शिकविणारा पुढें न जातां मागें सरतो, कारण मागें सरणाऱ्याकडे कुत्रा आपण होऊन येतो आणि पुढें येणाऱ्यापासून पळतो. हातीं देतांच वस्तूच्या बदल्यांत खाणें मिळतें. हिसकावणें कधींच नाहीं. धडा थोड्या मिनिटांचा, दिवसांतून दोनदां किंवा तीनदां. कुत्रा कंटाळण्यापूर्वींच संपवावयाचा. वळकटी साधली कीं तिला पांखराचे पंख बांधतात, नंतर गार झालेलें मेलेलें पांखरूं, आणि सर्वांच्या शेवटीं नुकतेंच पडलेलें ऊन पांखरूं. ही पायरी घाईनें ओलांडली तर कुत्रा चावरा होतो, आणि चावऱ्या तोंडाची खोड ही खरोखरच मोडण्यास कठीण. बंदुकीचा आवाज प्रथम फार दुरून, तोही जेवणाच्या वेळीं, ऐकवितात. पाणी आरंभीं गुडघाभर, आणि सकाळच्या थंडींत कधींच नाहीं.

वयाची खरी बाजूही लपवूं नये. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याचे सांधे आंखडतात, दांत झिजतात, कान आणि डोळे मंदावतात. त्याच्याकडून भर हिवाळ्यांत दिवसभर तळ्यांतून बदकें काढविणें हें क्रौर्य होय. पण हा शरीराचा प्रश्न झाला, बुद्धीचा नव्हे. बुद्धीपुरतें म्हणावयाचें तर व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं पांच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या ९५ बॉर्डर कॉली कुत्र्यांची परीक्षा घेऊन प्रसिद्ध केली. म्हाताऱ्यांस नवी गोष्ट शिकण्यास अधिक वेळां सराव करावा लागला हें खरें. परंतु शिकलेलें सहा महिन्यांनंतर आठवण्यांत वयानें फरक पडला नाहीं, आणि एक पर्याय वगळून दुसरा निवडण्याच्या तर्कांत तर वयस्क कुत्रे तरुणांपेक्षां सरस ठरले. 'हळू शिकतो' आणि 'शिकत नाहीं' यांतील अंतर फिट्झहर्बर्टच्या म्हणीनें गिळून टाकलें होतें तें असें मोजलें गेलें.

येथें आमच्या देशी कुत्र्यांविषयीं दोन शब्द. मुधोळचा कुत्रा, ज्यास कारवानी किंवा पश्मीही म्हणतात, तो नजरेनें सावज पाहून धांवणारा. मुधोळकर घोरपड्यांनीं त्याची जोपासना केली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मालोजीराव राजांनीं एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली. असा कुत्रा जमिनीस नाक लावीत नाहीं, पिल्लूपणींही नाहीं. कोणी पांच वर्षांचा कारवानी कुत्रा विकत घ्यावा, तो वास घेत चालत नाहीं म्हणून हताश व्हावें, आणि दोष त्याच्या वयास द्यावा, हें इंग्रजी म्हणीचेंच देशी उदाहरण होईल. तेथें आडवी येते ती जात. पडलेलें पांखरूं आणण्याचें काम आपल्याकडे बहुधा पोरांकडून आणि हांकाऱ्यांकडून करवीत, त्यामुळें देशी कुत्र्यास त्या कामाची निवडच झाली नाहीं.

थोरल्या शाहूमहाराजांच्या कुत्र्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचा जीव वांचविला, म्हणून त्यास जहागीर आणि पालखी मिळाली, आणि दरबारांत महाराजांनीं त्याला जरीचा पोशाख घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, असें ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या इतिहासांत सांगतो. परंपरेनें त्याचें नांव खंड्या राखलें आहे, आणि संगम माहुलीस त्याची समाधि दाखवितात. कुत्र्याचें नांव राहिलें, पालखी राहिली. ज्यानें त्यास वाघापुढें उभें राहण्यास शिकविलें त्या डोरियाचें नांव मात्र या कथेंत नाहीं. डोरिया म्हणजे दोरी धरणारा, कुत्र्यांचा रखवालदार. कंपनीच्या काळच्या इंग्रजांनींही तो शब्द उचलला होता. ही विद्या या लोकांच्या हातांत होती आणि ती त्यांच्याबरोबर गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाल्यावर तर ती पुन्हां उभी राहण्याचें प्रयोजनही उरलें नाहीं, आणि त्याचें आम्हांस दुःख नाहीं. कागदावर जें उतरलें असेल तें मात्र जावयास नको.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. श्येन, चित्ता, श्वान यांवरील सुटीं पानें, शिकारखान्याचे जमाखर्च, कुत्र्यांच्या खुराकाच्या याद्या, डोरियांचे आणि चित्तेवानांचे मुशाहिरे असें कांहीं ज्यांच्या दफ्तरांत असेल, त्यांनीं त्याची नक्कल तरी करून ठेवावी. अशा यादींत जनावराचें वय नोंदलेलें आढळलें तर त्या ओळीखालीं खूण करावी. कोणत्या वयाचा कुत्रा विकत घेऊन किती दिवसांनीं शिकारीस नेला, एवढें एका कागदावरून कळलें तरी वरील विवेचनापैकीं बरेंच पक्कें होईल किंवा खोडलें जाईल.